सासूला न सांगता सुई घेऊ का?

या वेळचं पत्र व्हॉट्सॲपवर आलंय, तुकड्या तुकड्यात, रात्री साडेअकरा ते पावणेबारा. मी जोडून थोडक्यात देते.

"मावशी, मी मंगळवेढा तालुक्यातली, गाव लिहीत नाही. वय २३. थोरली साडेचार वर्षांची, धाकटी पुढच्या आठवड्यात नऊ महिन्यांची होईल, अंगावर पिते. दिवाळीनंतर आम्ही दोघं ऊसतोडीला जातो, मुकादमाची उचल (आगाऊ पैसे) घेऊन झालीये. मागच्या वर्षी पोटुशी असताना आठवा लागेपर्यंत मोळ्या उचलल्या, मग बाळंतपणाला माहेरी आले, तिथनं पुढं मालक एकटे राहिले म्हणून उचल फिटली नाही. आता सासूबाई म्हणतात एक चान्स घ्या, पोरगा झाला की लगेच ऑपरेशन करून टाकू, तोवर कसलं काही नको. मालक म्हणतात आईला विचार. मला आत्ता नकोय. दिवस न राहण्याची तीन महिन्याची सुई सासूला न सांगता घेतली तर चालेल का? आमची आशा कार्यकर्ती घरातलीच आहे, चुलत नणंद. शेजारीण म्हणते कशाला कटकट, पिशवीच काढून टाक. पाळी अजून आली नाही. नाव टाकू नका."

पोरी, नाव नाही टाकत, निवांत वाच. आणि वाचून झालं की फोनमधनं डिलीट कर.

पहिलं काम सुईचं नाहीच. तू शेवटी सहज लिहिलंस की पाळी अजून आली नाही, मला तिथंच धस्स झालं. अंगावर पाजतेय तोवर दिवस जात नाहीत असं आपल्याकडं सगळ्या म्हणतात आणि ते खोटं नाही, पण ते पहिल्या सहा महिन्यांपुरतं, आणि तेही बाळ दिवसरात्र फक्त अंगावरच पीत असेल, वरचं पाणीसुद्धा नसेल आणि पाळी आली नसेल तरच. तुझी आता नऊ महिन्यांची होतीये, म्हणजे खिमट, वरणभात सगळं चालू असणार. या काळात पाळी न येताच दिवस गेलेल्या बायका मी किती बघितल्यात, चौथ्या महिन्यात पोट दिसायला लागलं की मग कळतं, तोवर त्या "दूध पाजतेय ना बाई" म्हणत बसलेल्या असतात. म्हणून आधी लघवीची टेस्ट कर. सरकारी निश्चय किट फुकट मिळतं पण ते आशाकडं असतं, आणि तुझी आशा म्हणजे नणंद, तर ते राहू दे, मेडिकलमधनं घे किंवा सरळ पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) करून घे. निगेटिव्ह आली तरी अलीकडं संबंध आलेत का ते सिस्टरला खरंखरं सांग, लाजू नको, कारण अगदी सुरुवातीचे दिवस असले तर टेस्टमध्ये येत नाही, कधी कधी दोनतीन आठवड्यांनी परत करायला सांगतात. तोवर निरोध. नवरा कुरकुर करेल, करू दे.

पॉझिटिव्ह आली तर घाबरून मेडिकलवाल्याकडनं गोळ्या आणून खाऊ नकोस. गर्भपात आपल्याकडं १९७१ च्या कायद्यानं सरकारमान्य दवाखान्यात करता येतो, सज्ञान बाईला फक्त तिची स्वतःची सही लागते, नवऱ्याची नाही, सासूची तर नाहीच. जितक्या लवकर जाशील तितकं सोपं.

आता सुई. अंतरा म्हणतात तिला, २०१७ पासून सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, दर तीन महिन्यांनी एक. दूध पाजणाऱ्या बाईला चालते, दुधावर काही परिणाम होत नाही, औषध म्हणून मला तिच्याबद्दल काही तक्रार नाही. तुला मात्र मी ती देणार नाही, आणि का ते जरा सविस्तर सांगते.

मी सव्वीस वर्षं उपकेंद्रावर काढली. तोडीला जाणाऱ्या एका बाईला मी स्वतः सुई दिली होती, ऑक्टोबरात. पुढची तारीख जानेवारीत आली. जानेवारीत ती कुठं होती तर शंभर मैलांवर कुणाच्या तरी उसाच्या फडात, पहाटे तीनला उठून तोडायला जायचं, दुपारी मोळ्या वाहायच्या, रात्री कोपीत, म्हणजे झोपडीत, भाकरी थापायच्या, तारखेचा कागद गावातल्या पत्र्याच्या पेटीत. तसा सुईला चार आठवडे उशीर चालतो पण पट्टा पडायला, म्हणजे कारखाना बंद व्हायला, एप्रिल उजाडला. आली तेव्हा दोन महिने गेलेले. मला म्हणाली, बाई तुमची सुई फसली. सुई नव्हती फसली, मीच फसले होते, मी तिला माझ्या कॅलेंडरची तारीख दिली आणि तिचं कॅलेंडर कारखान्याचं, मोळी पडली की सुरू आणि पट्टा पडला की बंद. त्यानंतर मी तोडीच्या बायकांना आधी विचारायचे की कधी निघणार, कधी परतणार, आणि मग ठरवायचे काय द्यायचं ते.

दुसरं म्हणजे पाळी. अंतरानं पाळी पुढंमागं होते, मधेच डाग पडतात, बऱ्याच जणींची काही सुया झाल्या की पाळी बंदच होते. त्यात धोका काही नाही, रक्त आत साठत वगैरे नाही, पिशवीच्या आतलं अस्तर वाढतच नाही म्हणून बाहेर यायला काही नसतं. पण तुमच्या घरात पाळीला बाजूला बसत असशील तर? चार दिवस चुलीला शिवायचं नाही म्हटल्यावर कोण कधी बसली आणि कधी नाही हे सासूला पाठ असतं. आज तू पाजतेस म्हणून कुणी विचारत नाहीये, वर्ष उलटलं की विचारतील, आणि मग एक तर "गोड बातमी आहे का" नाहीतर "काय करून घेतलंस". लपवायला म्हणून घेतलेली सुई तीच चुगली करणार. शिवाय सोडल्यावर परत दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात, तेवढ्या काळात "हिला काहीतरी झालंय" म्हणून देवऋषीपर्यंत न्यायला लोक कमी करत नाहीत.

तुझ्यासारखीला मी तांबी सांगेन, पिशवीत बसवायची कॉपर-टी. हो, तीच, जी वर चढून काळजात जाते म्हणे. अगं पिशवी म्हणजे बंद गाडगं आहे, वरनं काळजाकडं जायला रस्ताच नाही. क्वचित तांबी सरकते, खाली निसटते, बसवताना पिशवीला इजा होणं तर फारच क्वचित, म्हणून तर महिन्यानं एकदा तपासायला बोलवतात. सरकारी दवाखान्यात दोन प्रकारच्या असतात, एक पाच वर्षांची आणि एक दहा वर्षांची, कोणतीही घातली तरी मनात येईल त्या दिवशी काढता येते, आणि काढली की लगेच दिवस राहू शकतात, वाट बघायला नको. तारीख लक्षात ठेवायला नको, गोळी लपवायला नको, पाळी येत राहते म्हणून कुणाला संशय नको. दूध पाजताना चालते. पहिले तीनचार महिने पाळीत रक्त जास्त जातं आणि ओटीपोटात दुखतं, हे खरं आहे आणि हे मी लपवणार नाही कारण सिस्टरनं आधी सांगितलेलं नसतं म्हणूनच बायका घाबरून महिन्याभरात काढून टाकतात. आणि फडात ना आडोसा ना पाणी, तिथं जास्तीचं रक्त म्हणजे काय हाल ते तुला मी कशाला सांगू. त्यासाठी निघायच्या आधी निदान एक महिना बसवून घे, म्हणजे पाळी आली तर एक घरात होईल, तपासणी होईल, काही त्रास असेल तर इथंच कळेल. म्हणजे आता दसऱ्याच्या आतबाहेर.

मोठी अट रक्ताची. हिमोग्लोबिन आधी बघायचं. आपल्या राज्यात निम्म्याहून जास्त बायकांना रक्त कमी आहे आणि तू तर दोन बाळंतपणं आणि मोळ्या, दोन्ही करून बसलीयस. फारच कमी आलं तर आधी लोहाच्या गोळ्या, आणि तोवर छाया. छाया ही गोळी आहे, लखनौच्या सरकारी संस्थेत शोधलेली, हार्मोनची नाही, पहिले तीन महिने आठवड्यातनं दोनदा आणि मग आठवड्यातनं एकदा. दुधाला चालते. तोडीवर वार कळत नाही, तर मुकादम ज्या दिवशी आठवड्याचा खर्ची-बाजार देतो तो दिवस धर, तो कुणी विसरत नाही. माला-एन ही रोजची गोळी, ती तुझ्या धाकटीचं दूध कमी करू शकते, आत्ता नको.

जायचं कसं. धाकटी नऊ महिन्यांची झाली की गोवर-रुबेलाची लस असते, ती चुकवायचीच नाही, आणि त्या दिवशी पोरीला घेऊन पीएचसीत जायला तुला कोण अडवणार आहे? उपकेंद्रात नणंद दिसेल म्हणून पीएचसी, आणि तीही नको वाटली तर मंगळवेढ्याच्या ग्रामीण रुग्णालयात, बायकांना एसटीला २०२३ पासून हाफ तिकीट आहेच. लस आणि तांबी एका फेरीत. सिस्टरला पहिल्यांदा हे सांग की आशाताई घरातली आहे, तिला कळवू नका. चांगली सिस्टर समजते. आणि कुणी नवऱ्याला घेऊन या म्हणालं तर, तांबीला, सुईला, गोळीला नवऱ्याची सही लागत नाही, अगदी ऑपरेशनलासुद्धा सरकारी नियमात नवऱ्याची संमती नाही. मी नोकरीला लागले तेव्हा आम्हीसुद्धा मालकाला बोलवा म्हणायचो, सवय होती, कायदा नव्हता.

आता सासूकडं येते. सासूला न सांगता करणं चूक आहे का असं तू विचारलं नाहीस पण "चालेल का" मध्ये तेच आहे. चालेल. तुझ्या पिशवीत काय आहे हे सासूला सांगायचं काही कारण नाही. पण ती वाईट आहे असं मी म्हणत नाही हां. तिच्या वेळी बाईला घरात जागा कधी मिळाली तर पोरगा झाल्यावर, म्हातारपणी भाकरी कोण घालणार तर पोरगा, पेन्शन नाही, जमीन नावावर नाही, तिला दुसरा हिशोब कुणी शिकवलाच नाही. तिसरा पोरगाच होईल याची काही गॅरंटी नाही, आणि पोरगा की पोरगी हे बापाकडनं ठरतं तुझ्याकडनं नाही, हे तू तिला सांगू नकोस, भांडण होईल. वेळ आली की तिच्या लेकाला सांगू दे.

नवऱ्याचं वेगळं. तो "आईला विचार" म्हणतोय म्हणजे त्याला स्वतःला पोरगा हवाच असं नाहीये, त्याला वाद नकोय. अशा माणसाला सांगता येतं. मारझोड करणारा असेल तर सांगू नको, गप्प राहा, आणि १८१ हा बायकांच्या मदतीचा नंबर लक्षात ठेव. पण तसं नसेल तर सांग. कसं ते सांगण्याआधी मी तुला एक गंमत सांगते, सोलापुरात विड्या वळणाऱ्या बायका आणि तोडीच्या बायका या दोन्ही मी बघितल्या. विडीवाली घरात बसून हजारी वळते, मजुरी कमी, डोळे आणि छाती खराब होते, सगळं खरं, पण कार्ड तिच्या नावावर, फंड तिच्या नावावर, हातात पैसा तिच्या. ती दवाखान्यात एकटी यायची, "बाई तांबी बसवा, चार वाजता माल द्यायचाय." तोडीची बाई तेवढंच नाही तर जास्त राबते, पण कोयता म्हणजे जोडी, उचल जोडीची, आणि पैसे मोजून घेतो नवरा. ती कधीच एकटी आली नाही. सोबत सासू नाहीतर जाऊ, आणि मी विचारलं की उत्तर सोबतची द्यायची. शिक्षण दोघींचं सारखंच, चौथी-पाचवी. म्हणून मला कुणी म्हणालं की खेड्यातल्या बायका अडाणी म्हणून साधनं वापरत नाहीत तर माझं डोकं फिरतं. अडाणी कशाच्या, दवाखान्यात जायला वीस रुपये कुणाकडं मागायचे आणि दिवसाचा रोज बुडाला तर काय सांगायचं, अडतं तिथं.

तर तुझा हिशोब नवऱ्यापुढं पैशातच मांड. मागच्या वर्षी तू पोटुशी होतीस म्हणून अर्धा कोयता पडला आणि उचल फिटली नाही. यंदाची उचल आणि मागची बाकी. आत्ता दिवस गेले तर सीझन संपेपर्यंत तू सहासात महिन्यांची, म्हणजे परत तेच. दोन वर्षं थांबलो तर उचल फिटेल, मग बघू. "माझं शरीर माझी मर्जी" हे खरं आहे गं, पण कोपीत रात्री नऊला दमलेल्या माणसापुढं ते चालत नाही, उचलीचा आकडा चालतो. मला हे लिहिताना बरं वाटत नाही. तरी लिहिते. लाडकी बहीणचे १५०० तुझ्या खात्यावर येत असतील तर ते काढायला स्वतः जात जा, नवऱ्याला एटीएम देऊन टाकू नकोस, शंभर-दोनशे तरी बाजूला राहू देत, दवाखान्याच्या फेरीला कुणापुढं हात नको.

आणि हो, शेजारणीला सांग तिची पिशवी तिला लखलाभ. बीडकडं हेच झालं, २०१९ ला सरकारी समितीनं तोडीच्या ८२,३०९ बायका तपासल्या त्यात १३,८६१ जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. पाळी नको, खाडा नको, मुकादमाचा दंड नको म्हणून तरुण बायकांच्या पिशव्या काढल्या आणि मग कंबर गेली, हाडं गेली, कर्ज वाढलं, आणि तरी मोळ्या उचलायच्याच. पिशवी काढणं हे दिवस न राहण्याचं साधन नाहीये. आजार असेल तर दोन डॉक्टरांना दाखवून, नाहीतर हातसुद्धा लावू द्यायचा नाही.

सासू म्हणते त्या ऑपरेशनचं. आपल्याकडं ठरूनच गेलंय, लवकर लग्न, पाठोपाठ दोनतीन पोरं, एक पोरगा, आणि तेविशी-चोविशीत टाक्याचं ऑपरेशन. मधल्या वर्षांत पाळणा लांबवायचा हे कुणाच्या डोक्यातच नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या लग्न झालेल्या जवळपास निम्म्या बायकांचं ऑपरेशन झालेलं आणि पुरुषांचं शंभरात एकाचंसुद्धा नाही. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं होतं, शंभर वर्षं होऊन गेली, आणि अजून आपण मार्चएंडला ऑपरेशनसाठी बायकांच्या गाड्या भरतोय. मीही भरल्यात, टार्गेट असायचं, कागदावर ते १९९६ ला काढलं पण आमच्या मीटिंगमधनं काही गेलं नाही. बावीस वर्षांच्या पोरी, हो म्हणायच्या कारण घरात दुसरं कुणी काही विचारलंच नव्हतं. म्हणून तुला सांगते, तू "आत्ता नको" म्हणालीस, "कधीच नको" नाही म्हणालीस. ऑपरेशन हे कधीच नको वाल्यांसाठी. परत जोडता येतं म्हणतात पण ते महाग आणि भरवशाचं नाही.

एक मोह मात्र होईल तो आधीच सांगून ठेवते. लेक लाडकी योजना आहे, पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलीला जन्माला ५ हजार, पहिलीत ६, सहावीत ७, अकरावीत ८ आणि अठरा पूर्ण झाल्यावर ७५ हजार, एकूण १ लाख १ हजार. तुझ्या धाकटीला ती बसू शकते, पण थोरली आधीची आहे म्हणून आई किंवा बाप, दोघांपैकी एकाचं ऑपरेशन झालेलं लागतं. अंगणवाडीत विचार. पैसे बघून घाईनं टेबलावर चढू नकोस, आणि चढायचंच ठरलं कधी तर "किंवा बाप" हे दोन शब्द नवऱ्याला दाखव. पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी म्हणजे पोट उघडायचं नाही, टाका नाही, त्याच दिवशी घरी, दोन दिवस विश्रांती आणि आठवडाभर जड उचलायचं नाही, एवढंच. फक्त पुढं तीन महिने निरोध वापरायचा, मग तपासणी. पैसेही पुरुषाला बाईपेक्षा जास्त मिळतात. ताकद जाते, कोयता धरवत नाही वगैरे सगळं आणीबाणीतलं भूत आहे, तेव्हा १९७६ ला माणसं धरून धरून नेली, तुझ्या सासऱ्याच्या वयाच्या लोकांनी ते ऐकलंय, भीती तिथनं आलीये, ऑपरेशनमधनं नाही. आणि तुझ्या मालकाला कधी ग्रामपंचायतीला उभं राहायची हौस असेल तर सहज कानावर घाल की सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं की अर्जच बाद होतो. आमच्या भागात या एका नियमानं जेवढी साधनं वापरायला लावली तेवढी मी सव्वीस वर्षांत समजावून लावली नसतील, हसू नको, खरंय. अर्थात त्याच नियमापायी पोरगी नको म्हणून काय काय झालं तेही मी बघितलंय, तो विषय परत कधीतरी.

तर पुढच्या आठवड्यात लस, टेस्ट, रक्त आणि सगळं ठीक आलं तर तांबी. दवाखान्याचं तांबीचं कार्ड देतील, त्यावर बसवल्याची तारीख असते, ते पेटीत ठेवू नकोस, पोरीच्या लसीच्या कार्डात घालून ठेव, ते तोडीला सोबत येतंच आणि कुणी उघडून बघत नाही. तिकडं जास्त रक्त गेलं, ताप आला, घाण वासाचं पांढरं जायला लागलं किंवा पाळी चुकली तर जवळच्या कुठल्याही सरकारी दवाखान्यात जा, आपल्याच गावचा लागतो असं काही नाही. आणि हिमोग्लोबिन किती आलं तो आकडा मला कळव, नुसता आकडा पाठवलास तरी चालेल, मी ओळखेन.

मावशी